अस्करचे शुक्रवार

यंदा आमचा राखेचा बुधवार, म्हणजे चाळीस दिवसांच्या उपासाचा पहिला दिवस, आणि पलीकडच्या मोहल्ल्यातला पहिला रोजा अगदी एकमेकांना खेटून आले. चंद्राचं कॅलेंडर दरवर्षी थोडंथोडं मागं सरकतं, सगळ्या ऋतूंना फेरी घालतं आणि तीस-बत्तीस वर्षांनी पुन्हा जिथल्या तिथं येऊन उभं राहतं, हे वाचून ठाऊक होतं. पण परवा संध्याकाळी देवळातून बाहेर पडलो (आम्ही नगरकडचे ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणतो), कपाळावरची राख अजून पुसली नव्हती, आणि मोहल्ल्यातून इफ्तारच्या तळणीचा वास आला. पोटात दुपारपासून काही नव्हतं. वास आधी पोटात गेला, मग डोक्यात. क्षणभर वाटलं, डावीकडं वळलं की गॅरेजांची रांग लागेल, ओहोटीच्या चिखलाचा वास येईल, आणि कुणीतरी खालून हाक मारील, "पाद्री, उतर खाली!"

हे दोन्ही उपास असे बरोबरीनं आलेला ऋतू मी याआधी एकदाच पाहिला होता, बहरीनमध्ये. त्या ऋतूची गोष्ट मी तेव्हापासून सांगत आलो आहे. आमच्यात तिला साक्ष म्हणतात. उपासनेत उभं राहायचं आणि प्रभूनं आपल्या आयुष्यात काय केलं ते चार लोकांपुढं सांगायचं. माझी साक्ष ठरलेली आहे: परक्या मुलुखात इस्पितळात पडलेला एक भाऊ, मी केलेली प्रार्थना, त्याचे मिटलेले डोळे, त्याचं आमेन. मी तिथंच थांबतो. माणसं 'हालेलुया' म्हणतात आणि मी खाली बसतो. थांबतो, कारण पुढचा भाग माझा एकट्याचा नाही. त्यातला मोठा वाटा त्या भावाचा, बबनरावांचा आहे, आणि त्यांच्याशी मी जे केलं ते प्रेमानं केलं की कामापोटी, याचं उत्तर मला कुठल्याही देवळात उभं राहून देता आलं नसतं.

मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो. खरं तर मी प्रचारक म्हणून जायचा होतो पेरूला. मिशनच्या ऑफिसनं तसं कळवलं होतं आणि मी राहुरीच्या स्टँडवर, बसमध्ये, शेतात पाणी धरताना, जिथं तिथं स्पॅनिशचं पुस्तक घेऊन घोकत बसायचो. 'बुएनोस दियास' म्हटलं की आई विचारायची, "कुणाला शिव्या देतोस रे सकाळी सकाळी?" मग व्हिसा आला तो बहरीनचा. तिकडं मराठी बोलणारे कामगार पुष्कळ, त्यांना भेटायला त्यांच्या भाषेतलं कुणी नाही, असं कारण सांगितलं. माझ्या बरोबरीचा मुलगा पेरूला गेला. मी समुद्र ओलांडून गेलो तो माणदेशी आणि कोकणी ऐकायला. पहिले काही महिने, खोटं कशाला बोलू, मला फसवल्यासारखं वाटत होतं. दूर जाऊनही लांब गेल्यासारखं वाटेना.

खोली तुबली भागात होती. खाली हसनचाचांचं गाड्यांच्या डेंटिंग-पेंटिंगचं काम. ते श्रीवर्धनकडचे, तिकडं वीस-पंचवीस वर्षं मुरलेले. पत्र्यावर हातोडा, थिनरचा वास, आणि मागं खाडी. थंडीत त्या खाडीत रोहित पक्षी उतरायचे. गॅरेजांच्या मागच्या त्या काळ्या चिखलात ते गुलाबी पाय, हे मला शेवटपर्यंत कुणाच्या तरी चुकीसारखं वाटत राहिलं. सकाळी उठून वाचन, प्रार्थना, शर्टाला इस्त्री, टाय. टायचा नियम होता. स्थानिक लोकांशी धर्माचं अवाक्षर काढायचं नाही, हा त्याहून कडक नियम. आपण आपल्या माणसांत जायचं: कॅम्पांत, इस्पितळांत. शुक्रवारी सकाळी उपासना, कारण तिथं सुट्टीचा वार तो. आमचा रविवार शुक्रवारी यायचा. पहिल्या महिन्यात मी त्यामुळं सारखा वार चुकायचो आणि देवालाही चुकल्यासारखं होत असेल असं मला वाटायचं.

रमजान लागला आणि दिवसा सगळं सामसूम झालं. हॉटेलं बंद, रस्त्यात कुणी पाण्याचा घोटही घेत नसे. माझा चाळीस दिवसांचा उपास त्याच सुमारास सुरू झालेला. मी ठरवून कडक धरला होता, सूर्यास्तानंतर एकदाच खायचं. हसनचाचांना ते कळलं तेव्हा ते हातातली पॉलिशची चिंधी खाली ठेवून हसले.

"तुजा पन उपास, माजा पन रोजा. वर बसलेल्याचा गोंधल होनार रे! कुनाची भूक कुनाच्या नावावर लिवायची?"

"त्याला कळतं चाचा."

"त्याला कलतं. तुला कलतं काय? कालपासून तोंड बघ कसं केलंस. उपास पोटाचा असतो, थोबाडाचा नसतो."

संध्याकाळी लांबून रोजा सोडायच्या तोफेचा आवाज आला की खालून हाक यायची. वर्तमानपत्रावर खजूर, समोसे, कलिंगडाच्या फोडी, आणि चाचांच्या बायकोनं घरून पाठवलेली तांदळाची भाकरी. "यल्ला, पाद्री, तोंड उघड आता. देव काय बोलनार नाय." मी मनातल्या मनात माझी प्रार्थना करायचो, ते त्यांची. मग दोघं सारख्याच घाईनं खजुरावर तुटून पडायचो. त्या भाकरीची चव मला अजून सांगता येत नाही. सांगू नयेच बहुतेक.

बबनराव भेटले ते इस्पितळात. माण तालुक्यातला माणूस, माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठा. अस्करला ॲल्युमिनियमच्या कारखान्यापलीकडं कामगारांचा कॅम्प होता, तिथं राहायचे आणि ठेकेदाराकडं वेल्डरच्या हाताखाली काम करायचे. सुट्टीच्या दिवशी खोलीत भजी तळताना कढई कलंडली आणि उकळतं तेल उजव्या पायावर आलं. मांडीपासून घोट्यापर्यंत पट्ट्या. शेजारच्या खाटांवर एक बंगाली, एक इजिप्तचा. मी वॉर्डात शिरलो तेव्हा ते छताकडं बघत पडले होते. माझा टाय बघून म्हणाले, "इन्शुरन्सचं असाल तर फुडं जावा. आमच्याकडं काय न्हाई."

"इन्शुरन्सचा नाही. नगरचा आहे."

मराठी ऐकल्यावर त्यांनी मान वळवली. मग म्हणाले, "भाऊ, आदी एक काम करा. टाचंपाशी खाजवा जरा. चार दिवस झालं, कुनाला सांगायचं कळंना. नर्सबाईला हिंदी बी येत न्हाई आन् मला खाजवायचं इंग्लिश."

मी खाली वाकून टाच खाजवली. डोळे मिटून ते म्हणाले, "आऽऽ, देव भेटला." माझ्या सगळ्या सेवाकाळात देवाचं नाव इतक्या मनापासून घेतलेलं मी दुसऱ्या कुणाकडून ऐकलं नाही. साक्षीत मात्र हे कधी सांगितलं नाही. लोक हसतील म्हणून.

मग रोज जायला लागलो. वॉर्डातले बरेच लोक रोजे धरलेले, म्हणून जेवणाऱ्यांच्या खाटेभोवती पडदा ओढत. त्या पडद्याआड मी बबनरावांसाठी संत्रं सोलायचो. मला दिवसभराची भूक, आणि नखांत, बोटांच्या पेरांत तो संत्र्याच्या सालीचा आंबटगोड फवारा. हात नाकाशी नेला तरी उपास मोडल्यासारखं वाटावं. बबनराव फोड तोंडात टाकायचे आणि म्हणायचे, "तुमी बी घ्या की, पडदा हाय." मी नाही म्हणायचो. ते एक फोड बाजूला काढून ठेवायचे, "रातच्याला खावा," म्हणून. रात्री खोलीत सुकलेली ती फोड खिशातून काढून खाताना मला वाटायचं, मी पेरूला गेलो नाही ते किती बरं झालं.

गप्पा मेंढरांच्या, पडीक रानाच्या. बायको मंगल, आणि त्यांनी फोटोतच पाहिलेली मुलगी. मुलीचा विषय निघाला की ते माझ्याकडं न बघता पायाच्या पट्टीकडं बघून बोलायचे. शेवटी मी हात जोडायचो, प्रार्थना करायचो. ते डोळे मिटायचे. आमेन कुठं म्हणायचं हे त्यांना तिसऱ्या-चौथ्या दिवशी बरोबर उमगलं होतं. एकदा मी फारच लांबवलं तेव्हा डोळे मिटूनच पुटपुटले, "भाऊ, आज थोडक्यात उरका. च्या निवायलाय." मी हसलो. आणि तरीही ते आमेन मी विश्वासाच्या खात्यात जमा धरलं. आपल्या माणसांत भीड नावाची एक गोष्ट असते. जो आपल्यासाठी वाकला, ज्यानं फळ सोलून दिलं, त्याला नाही म्हणता येत नाही. मी त्याच मातीतला, मला हे कळायला हवं होतं. पेरूतल्या माणसाची भीड मला ओळखू आली नसती तर ते क्षम्य होतं.

इस्पितळातून सुटल्यावर ते अस्करला परतले आणि मी दर शुक्रवारी दुपारी तिकडं जायला लागलो. उपासना आटोपून टाय खिशात घालायचा आणि निघायचं. एका बाजूला कारखान्याची धुराडी, अखंड घुमणारा आवाज, दुसऱ्या बाजूला उथळ, निवांत समुद्र, किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्या. कॅम्पात आठ जणांची खोली. कुणी कपडे धूत, कुणी डोक्यावरून पांघरूण घेऊन झोपलेला. आम्ही दोघं होड्यांच्या सावलीत जाऊन बसायचो. ते लंगडत चालायचे, मी खांदा द्यायचो. पुस्तक, म्हणजे बायबल, मी शेवटी उघडायचो आणि दर शुक्रवारी थोडं आणखी उशिरा. एकदा तर उघडायचं विसरलोच. परत येताना मनाला फार लागलं होतं ते, की आज दिवस वाया गेला. वाया!

आमचे पास्टर केरळचे, वयानं मोठे, शांत माणूस. त्यांना मी बबनरावांबद्दल सांगितलं. त्यांनी विचारलं, "तो बाप्तिस्म्याला तयार आहे का?" मी पुढच्या शुक्रवारी होडीजवळ विचारलं. बबनरावांनी वाळूत बोटानं रेघ ओढली. "तुमी म्हनताय तर घेऊ की. तुमी मला काय वाईट सांगनार हाय व्हय?" मी आनंदानं त्यांचे हात धरले. परतीच्या वाटेवर मी चक्क गात होतो.

ईस्टर उलटल्यावरच्या शुक्रवारी ठरलं. आमच्यात पाण्यात पूर्ण बुडवून बाप्तिस्मा देतात. मंडळीतलं एक कुटुंब जनाबियात बंगल्यात राहायचं, त्यांच्याकडं छोटा स्विमिंग पूल होता. पोरांची हवेची बदकं बाहेर काढून हिरवळीवर ठेवली होती, त्यांच्यावरून पाणी ठिबकत होतं. क्लोरीनचा वास. स्वयंपाकघरातून बिर्याणीचा. माणसं अर्धवर्तुळ करून उभी. पास्टर आणि मी कमरेइतक्या पाण्यात. बबनराव नव्या पांढऱ्या शर्टात आले, शर्टाच्या घड्या अजून उभ्या होत्या. बाजूचा दांडा दोन्ही हातांनी धरून ते एक पायरी उतरले, मग दुसरी. भिजलेला पायजमा पायाला चिकटला आणि त्याच्याखाली भाजल्याची गुलाबी, नवी कातडी दिसायला लागली. तिसऱ्या पायरीवर ते माझ्याकडं वाकले आणि फक्त मला ऐकू येईल असं म्हणाले, "भाऊ, तुमच्यासाठी उतरतोय बगा."

मला ऐकू आलं. मी पास्टरांकडं वळून इंग्रजीत म्हणालो, "ह्यांची जखम अजून ओली आहे. डॉक्टरांनी पाण्यात उतरू नका म्हणून सांगितलंय."

पास्टरांनी त्या जखम भरून आलेल्या पायाकडं पाहिलं. मग माझ्याकडं. "नेक्स्ट टाइम," एवढंच म्हणाले. गीत ठरलं होतं म्हणून गायलं गेलं, बिर्याणी शिजली होती म्हणून वाढली गेली. बबनराव टॉवेल गुंडाळून खुर्चीवर बसून खाली मान घालून जेवले. गाडीत विचारलं, "माजं काय चुकलं का?" मी म्हणालो, "नाही हो, जखमेमुळं." त्यांनी पायाकडं पाहिलं आणि खिडकीबाहेर बघत राहिले. अस्करला उतरताना म्हणाले, "शुक्रवारी येताय न्हवं?" मी हो म्हणालो.

गेलो नाही. त्या शुक्रवारी नाही, नंतरच्याही नाही. काय तोंडानं जायचं? खरं सांगायचं तर त्यांना कमीपणा येईल, खोटं तर एकदा बोलून झालेलं. मी पास्टरांना सांगून दुसरा भाग मागून घेतला. त्यांनी कारण विचारलं नाही. मुदत संपेपर्यंत मी तिथंच होतो, मधलं अंतर एवढुसं, सगळं बेटच ते केवढं! हसनचाचा एकदा म्हणाले, "तुजा तो अस्करवाला काय बोलतो रे? आता जात नाहीस?" मी म्हटलं, काम वाढलंय. ते गाडीचा दरवाजा घासत राहिले.

त्या एका वाक्यानं मी का हादरलो, हे मला त्या दिवशीही ठाऊक होतं. चौदाव्या वर्षी, वडील गेले त्या साली, आई या मंडळीत आली आणि तिच्या मागोमाग मी प्रवरेच्या कालव्यात उतरलो. पाण्यात शिरताना मी प्रभूचा चेहरा पाहिला नव्हता. काठावर पदर तोंडाशी धरून उभी असलेली आई पाहत होतो. तिनं आणखी रडू नये, एवढंच मला हवं होतं. कुणासाठी तरी उतरण्यावाचून माणूस पाण्यात उतरतो कसा, मला माहीत नाही. माझा सगळा विश्वास त्या एका काठावरून आला आहे. मग जे कारण मला पुरलं ते बबनरावांना का पुरू नये, असं कधी वाटतं. आणि कधी वाटतं, मी थांबवलं तेच बरं. आई ती आई होती, मी कोण होतो? फळं सोलून देणारा एक टायवाला पोरगा. या दोन बाजूंमध्ये मी इतकी वर्षं येरझारा घातल्या आणि समजत राहिलो की माझं जे काही चुकलं ते त्या पाण्यापाशीच.

परवा इफ्तारचा तो वास आला आणि घरी येऊन मी जेवण पुढं ढकललं. गावाचं नाव ठाऊक होतंच. तिथल्या ग्रामपंचायतीच्या शिपायाचा नंबर शोधून फोन केला. शिपायानं विचारलं, "कोन बबनराव? बहारीनचं?" आणि लगेच मोबाइल नंबर दिला. चहा निवेपर्यंत काम झालं. माणूस हरवला होता, सापडत नव्हता, असं मी स्वतःला सांगत आलो होतो, तेही गेलं.

दोनदा वाजून उचलला. मागं शेरडं ओरडत होती. मी नाव सांगितलं.

"आरं तिच्या! पाद्रीभाऊ?" आवाज म्हातारा झालेला, पण तोच. "हायसा व्हय अजून?"

"आहे. तुम्ही कसे आहात बबनराव? पाय?"

"पायाला काय धाड भरलीया. गुडघं गेलं, त्यो पाय सोडून." मग मंगलबाईंना मोठ्यानं, "अगं, बहारीनचं पाद्री हाईत!" मुलीचं लग्न झालं, तिची मुलं हायस्कुलात आहेत, रानात डाळिंब लावलंय, हे सगळं एका दमात.

मी त्यांना थांबवलं. घाईघाईनं, धड शब्द न जुळवता सगळं सांगितलं: ते वाक्य, जखमेचं खोटं, डॉक्टरांचं नाव घेतलेलं.

"तुमच्यासाठी म्हनलो म्या?" ते विचारात पडले. "म्हनलो आसन. आठवत न्हाई. आवं, मला पान्याची भ्या लई. आमच्याकडं पानीच कुठं हुतं बुडायला? तुमी न्हाई म्हनला तवा जीव भांड्यात पडला माजा."

मी हसलो. इतक्या वर्षांचं ओझं एखाद्या पोत्यासारखं धपकन उतरावं तसं हसलो. तेही हसले. मग हसू थांबलं आणि ते तसेच, त्याच सुरात म्हणाले,

"पर शुक्रवारी दाडी करून बसायचो बगा. कितीक शुक्रवार. खोलीतली पोरं चेष्टा करायची, तुजा पाद्री आला न्हाई का रं आज. मग सोडलं. मला वाटलं, बाप्तिस्मा झाला न्हाई तर आता माजा काय उपेग."

मी म्हणालो, "नाही हो बबनराव, तसं नव्हतं. लाज वाटली म्हणून आलो नाही."

मी जे बोललो ते खरं होतं. पण ते खरं आहे हे दाखवायला माझ्याकडं एकही शुक्रवार नव्हता. येणं बंद करून मी त्यांना एवढंच कळवलं होतं की टाच खाजवणं, संत्री, होडीची सावली, सगळं त्या तिसऱ्या पायरीपर्यंत आणण्यासाठी होतं. मी किती प्रार्थना केल्या आणि किती रडलो, हे त्या कॅम्पातल्या खाटेवरून दिसण्यासारखं नव्हतं. तिथून फक्त रिकामा रस्ता दिसत होता.

"येऊ का भेटायला?" मी विचारलं. "नुसता येतो. पुस्तक नाही आणत."

"आना की. पुस्तकानं काय केलंय?" ते म्हणाले. "कदी येताय?"

"मंगळवारी निघतो."

"मंगळवारी नगं, बाजार आसतो, म्या गावत न्हाई. बुधवारी या."

बुधवारी जातो आहे.